मराठी साइट स्क्रीन रीडरवर वाचलीच जात नाही? तपासणी कुठून सुरू करायची

पतसंस्था, वाचनालयं, शाळा, सोसायट्या, छोटी प्रकाशनं, अशांच्या मराठी साइट्स दुरुस्त करणं हे माझं नेहमीचं काम आहे आणि तक्रार फिरून फिरून एकच येते, की साइट उघडते, दिसते पण छान, पण आमच्या एका दृष्टिहीन सभासदाला स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काहीच वाचता येत नाही म्हणतात. मग कोणीतरी सांगतं नवीन साइट करून घ्या, कोटेशन येतं, कमिटी घाबरते आणि विषय पुढच्या मीटिंगला जातो. तो सभासद मात्र तिथंच. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय, कारण बऱ्याच वेळा यातलं अर्धं काम फुकटात आणि एका दुपारीत होण्यासारखं असतं.

आधी लक्षणं बघा, तुमच्याकडं यातलं काय होतंय ते:

- स्क्रीन रीडर मराठी मजकुरावर गप्प बसतो, मध्येच एखादा आकडा किंवा इंग्रजी शब्द तेवढा बोलतो.
- वाचतो, पण हिंदी वळणानं. ज्ञानेश्वरचं ग्यानेश्वर होतं, ळ नीट येत नाही.
- मराठी शब्दाच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं एकामागून एक ऐकू येतात.
- एखादं मोठं शीर्षक एकेक अक्षर तोडून वाचलं जातं.
- नोटिशीवर गेलं की नुसतं इमेज म्हणतो, किंवा व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं लांबलचक फाइल नाव वाचत बसतो.
- फॉर्ममध्ये प्रत्येक रकान्यावर एडिट ब्लँक (म्हणजे रिकामा रकाना), एडिट ब्लँक, एवढंच.
- मोबाइल नंबर बरोबर टाकला तरी साइट म्हणते चुकीचा आहे.

आता तपासण्या. सोप्या आणि फुकटच्या आधी, अवघड शेवटी. क्रम मोडू नका, कारण वरची गोष्ट बिघडलेली असेल तर खालची दुरुस्त करून कानाला काही फरक जाणवतच नाही.

सगळ्यात आधी: दोष साइटचा आहे की फोनचा?

ज्यांनी तक्रार केली त्यांच्याच फोनवर मराठी विकिपीडियाचं कुठलंही पान उघडायला सांगा. ते पान नीट वाचलं गेलं तर दोष तुमच्या साइटमध्ये आहे. तिथंही गडबड असेल तर फोनमध्ये मराठी आवाजच डाउनलोड केलेला नाही असं समजा, अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये टेक्स्ट टू स्पीच असं शोधलं की तिथं मराठीचा व्हॉइस डेटा मिळतो, तो घेतला की काम झालं. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, पण ती न करता लोक डेव्हलपरला पैसे देऊन मोकळे होतात म्हणून पहिली ठेवलीय.

तुमच्या स्वतःच्या विंडोज कंप्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर टाकून घ्या. तो पूर्ण मोफत आहे, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या इंजिनमध्ये मराठी आवाज आहे. थोडा यांत्रिक वाटतो, कानाला सवय लागेपर्यंत त्रास होतो, पण तपासायला पुरेसा आहे. फोनवर टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, चालू करून बघायचं तर आधी तो बंद कसा करायचा ते वाचून ठेवा, कारण चालू झाल्यावर एका टॅपनं काहीच उघडत नाही, डबल टॅप करावा लागतो.

पानाची भाषा काय लिहिलीय?

ब्राउझरमध्ये पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा, सोर्स दिसेल. अगदी वर एचटीएमएलचा पहिला टॅग असतो, त्यात लँग नावाचं ॲट्रिब्यूट शोधा. मराठी पानासाठी तिथं एम आणि आर ही दोन छोटी अक्षरं पाहिजेत. मला तिथं बहुतेक वेळा ई आणि एन सापडतात, म्हणजे पान सगळं मराठीत आणि मशीनला सांगितलंय की हे इंग्रजी आहे. मग स्क्रीन रीडर इमानदारीत इंग्रजी आवाज लावतो आणि त्या आवाजाला देवनागरी जमत नाही. काही आवाज गप्प बसतात, काही हिंदीत शिरतात, काही अक्षरागणिक वाचतात. वर दिलेल्या लक्षणांतली पहिली दोन इथूनच येतात.

हे ईएन कोणी मुद्दाम लिहिलेलं नसतं, डेव्हलपरच्या तयार साधनांतून ते आपोआप येतं. व्हीएस कोडमध्ये उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबलं की जो तयार सांगाडा येतो त्यात ते असतं, बूटस्ट्रॅपच्या सुरुवातीच्या टेम्प्लेटमध्ये असतं, रिॲक्टच्या आणि नेक्स्टच्या नवीन प्रोजेक्टमध्ये असतं, आणि नंतर तिकडं कोणी बघतच नाही. वर्डप्रेस असेल तर सेटिंग्जमध्ये जनरलखाली साइटची भाषा मराठी करा, तरी बदललं नाही तर थीमच्या हेडर फाइलमध्ये कोणीतरी हातानं ईएन लिहून ठेवलंय, ते काढून वर्डप्रेसचं स्वतःचं लँग्वेज ॲट्रिब्यूट्स फंक्शन तिथं टाका.

बरं, मराठी आहे म्हणून काहीजण अंदाजानं एम-ए लिहितात किंवा महाराष्ट्र म्हणून एम-एच लिहितात. एम-ए नावाचा भाषेचा कोडच नाही, आणि एम-एच हा प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांच्या मार्शलीज भाषेचा कोड आहे! एम-आर, एवढंच. कोकणीसाठी के-ओ-के. आणि पानाच्या मध्ये इंग्रजी परिच्छेद किंवा इंग्रजी नियमावली असेल तर त्या तुकड्याला वेगळं ईएन लावा, नाहीतर आता मराठी आवाज इंग्रजीची वाट लावेल.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो. क्रोममधलं साइट तपासणारं लाइटहाउस किंवा तत्सम ऑटोमॅटिक टूल एवढंच बघतं की लँग लिहिलंय का आणि कोड वैध आहे का. पान मराठी आहे आणि कोड इंग्रजीचा आहे हे त्याला कळत नाही. त्यामुळे ॲक्सेसिबिलिटीचा स्कोअर १०० दाखवणारी मराठी साइट कानाला शंभर टक्के निरुपयोगी असू शकते, तो स्क्रीनशॉट घेऊन कोणी आलं तरी विश्वास ठेवू नका, कान लावून ऐका. डब्ल्यूसीएजी या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत पानाची भाषा सांगणं हे ३.१.१ क्रमांकावर आहे, आणि ते लेव्हल ए म्हणजे अगदी पहिल्या पायरीवरच्या अपेक्षांपैकी आहे.

याचा एक फायदा डोळस वाचकालाही होतो. काही देवनागरी फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, एम-आर लावलं की ब्राउझर ते निवडतो. पान एकदम घरचं वाटायला लागतं.

उच्चाराबद्दल अजून एक, मग पुढं जाऊ. चमच्यातला च आणि चहातला च यांच्यात मराठी आवाजसुद्धा कधी कधी गोंधळतो. ते तुमच्या साइटचं दुखणं नाही. उच्चार सुधारावा म्हणून शब्द वेड्यावाकड्या स्पेलिंगनं लिहिणारे भेटतात, तसं अजिबात करू नका, ब्रेल डिस्प्ले (मजकूर उठावाच्या ठिपक्यांत दाखवणारं यंत्र) वापरणाऱ्याला ते तसंच चुकीचं हाताला लागतं आणि सर्चमध्येही सापडत नाही.

मजकूर खरंच मजकूर आहे का?

पानावरच्या दोन ओळी निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीच आली तर पुढच्या तपासणीकडं जा. नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरांचा कचरा आला तर साइट जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये आहे, म्हणजे सगळ्या मशीनना कळणाऱ्या युनिकोड या प्रमाण अक्षरसंकेतात नाही. उदाहरणार्थ कृतिदेवमध्ये टाइप केलेला मराठी हा शब्द आतून ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच एवढीच इंग्रजी अक्षरं असतो, फॉन्ट फक्त त्यांची चित्रं मराठीसारखी दाखवतो. डोळ्याला मराठी, मशीनला ई-जे-के-बी-एच. स्क्रीन रीडर बिचारा जे आहे तेच वाचतो. गूगललाही तेच दिसतं, म्हणून अशी साइट मराठी शब्द टाकून सर्चमध्ये येत नाही, आणि कमिटीला पटवायला हा मुद्दा फार कामाला येतो.

उपाय एकच, युनिकोडमध्ये रूपांतर. मोफत कन्व्हर्टर मिळतात, पण जो फॉन्ट आहे त्याचाच कन्व्हर्टर पाहिजे, कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपी या दुसऱ्या जुन्या फॉन्टला चालत नाही. आणि रूपांतर झाल्यावर माणसानं वाचलंच पाहिजे, विशेषतः रफार, पहिली वेलांटी, सुऱ्या-दऱ्यातला अर्धा र आणि बँक-ऑफिसातले अर्धचंद्र. चुका तिथंच होतात. सभासदांच्या नावांच्या यादीत तर अक्षर न् अक्षर तपासा, माणसाचं नाव चुकलेलं कोणाला चालत नाही.

नोटिसा आणि पीडीएफ

हा सगळ्यात मोठा घोळ आहे आणि इथंच सगळ्यात जास्त वेळ जातो. सर्वसाधारण सभेची नोटीस लेटरहेडवर छापतात, सहीशिक्का मारतात, मोबाइलनं फोटो काढतात आणि तो फोटो साइटवर. स्क्रीन रीडरसाठी तिथं काहीच नाही. तारीख नाही, वेळ नाही, ठिकाण नाही, विषयपत्रिका नाही, म्हणजे ज्या सभासदाला सभेला येण्याचा हक्क आहे त्याला सभा आहे हेच कळलं नाही.

मग कोणीतरी सांगतं ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्राचं लेखी वर्णन, टाका, आणि लोक ऑल्टमध्ये लिहितात 'नोटीस'. याचा उपयोग शून्य. काहीजण उलट टोकाला जाऊन अख्खी तीन परिच्छेदांची नोटीस ऑल्टमध्ये कोंबतात, ते पण नको, कारण ऑल्टमध्ये हेडिंग नसतं, यादी नसते, मागं-पुढं करून एखादा मुद्दा पुन्हा ऐकणं जिकिरीचं होतं. बरोबर पद्धत अशी की नोटिशीचा मजकूर पानावर साध्या मजकुरात टाका, हेडिंगला हेडिंगचा टॅग, विषयांना क्रमांकाची यादी, आणि खाली सहीशिक्क्याचा फोटो ठेवायचाच असेल तर ठेवा, त्याच्या ऑल्टमध्ये लिहा 'या नोटिशीची सही केलेली प्रत, मजकूर वर दिला आहे'. नोटीस ज्या क्लार्कनं टाइप केली त्याच्याकडं मूळ फाइल असतेच, मागा. फोटोवरून पुन्हा टाइप करण्यात कोणाचाच वेळ घालवू नका.

शोभेची चित्रं, वेली, पट्ट्या यांना ऑल्ट रिकामं ठेवा. रिकामं ठेवा म्हणजे काढून टाका असं नाही, ऑल्ट लिहायचं आणि अवतरणात काहीच टाकायचं नाही. काढूनच टाकलं तर बरेच स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचतात, वरच्या यादीतलं व्हॉट्सॲपवालं लक्षण ते हेच.

पीडीएफला तीच नोटपॅडची परीक्षा लावा. काहीच सिलेक्ट होत नसेल तर ती स्कॅन आहे, ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, करावं लागेल. गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडलं की मराठी बऱ्यापैकी येतं, टेसरॅक्ट या मोफत ओसीआर प्रोग्राममध्येही मराठी आहे, पण पुन्हा तेच, माणसानं वाचायचं. सिलेक्ट होतंय पण पेस्ट केल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडं जाऊन पडतेय, जोडाक्षरं फुटतायत, तर पीडीएफ बनवणाऱ्या सॉफ्टवेअरनं आतली अक्षरांची जोडणी बिघडवलीय. ती पीडीएफ दुरुस्त करत बसू नका. मूळ वर्ड फाइल युनिकोडमध्ये घ्या, हेडिंगला वर्डच्याच हेडिंग स्टाइल लावा आणि सेव्ह ॲज पीडीएफ करा, प्रिंट टू पीडीएफ नको, त्यात हेडिंग, याद्या वगैरे रचनेची माहिती गळून जाते.

डिझाइननं मोडलेली मराठी

हे पटकन. सीएसएसमध्ये, म्हणजे साइटच्या दिसण्याच्या कोडमध्ये, लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जागा) शोधा आणि मराठी मजकुरावरून काढून टाका, इंग्रजी कॅपिटल अक्षरांना ते शोभतं, देवनागरीत शिरोरेषाच तुटते. शीर्षक एकेक अक्षरानं उडत येण्याचं ॲनिमेशन असेल तर ते प्रत्येक अक्षर वेगळ्या स्पॅन टॅगमध्ये टाकतं, तुटक वाचण्याचं कारण बऱ्याचदा तेच, आणि जोडाक्षरं पण फुटतात. काढा. लाइन-हाइट १.१ वगैरे असेल तर वरचे रफार-अनुस्वार आणि खालचे उकार कापले जातात, मी मराठी मजकुराला १.६ च्या खाली जात नाही.

रंग. आपल्याकडं भगव्याचं प्रेम, त्यामुळे पांढऱ्यावर केशरी अक्षरं सर्रास. नेहमीचा जो केशरी वापरतात, हेक्समध्ये एफएफ९९३३, त्याचा पांढऱ्याशी कॉन्ट्रास्ट जेमतेम २.१ ला १ आहे आणि साध्या मजकुराला ४.५ ला १ लागतो. मोतीबिंदू असलेल्या आजोबांना सोडाच, उन्हात फोन धरला तर कोणालाच दिसत नाही. केशरी सोडायची गरज नाही, केशरी पट्टी करा आणि वर काळी अक्षरं टाका, तोच कॉन्ट्रास्ट नऊच्या पुढं जातो.

आणि ब्राउझर २०० टक्के झूम करून बघा. मजकूर एकमेकांवर चढला, मेनूनं अर्धा स्क्रीन खाल्ला, तर कुठंतरी उंची पिक्सेलमध्ये फिक्स केलेली आहे.

माऊस बाजूला ठेवा

खरोखर बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, एंटर, स्पेस वापरून होमपेजपासून फॉर्म सबमिट करण्यापर्यंत जाऊन दाखवा. अडकला तिथं स्क्रीन रीडर वापरणारा पण अडकतो, आणि ज्यांचा हात थरथरतो तेही. दोन कारणं वारंवार सापडतात. एक, बटण हे बटण नसून डिव्ह, म्हणजे नुसता रिकामा डबा, आहे ज्यावर क्लिक बसवलंय, त्यावर टॅब थांबतच नाही. त्याला टॅबइंडेक्स लाव, रोल लाव, कीबोर्डचा कोड लिही असले उद्योग न करता सरळ बटण टॅग वापरा, सगळं आपोआप मिळतं. दुसरं, कोणीतरी आउटलाइन नन लिहून फोकसची चौकट घालवलीय, त्यामुळे आपण कुठं आहोत तेच दिसत नाही. ती ओळ काढा, चौकट कुरूप वाटत असेल तर फोकस-व्हिजिबल वापरून तुमच्या रंगाची जाड चौकट द्या.

नुसतं चित्र असलेल्या बटणांना, म्हणजे तीन रेघांचा मेनू, भिंगाचं शोध, एरिया-लेबल लागतं (एरिया, म्हणजे स्क्रीन रीडरला माहिती देणारी एचटीएमएलमधली खास ॲट्रिब्यूट्स) आणि ते मराठीत लागतं. थीम बाहेरून आणलेली असते, आत टॉगल नॅव्हिगेशन असं इंग्रजीत तसंच राहतं आणि मराठी आवाज ते असं काही उच्चारतो की कळत नाही. 'मेनू उघडा' लिहा, बास.

फॉर्म

रकान्याच्या आत फिकट अक्षरात 'आपले नाव' लिहिलंय म्हणजे लेबल झालं असं नाही. तो प्लेसहोल्डर, टाइप करायला लागलं की गायब. प्रत्येक रकान्याला लेबल टॅग, त्याचा फॉर आणि रकान्याची आयडी सारखी. एवढं केलं की एडिट ब्लँकच्या जागी 'आपले नाव, एडिट' ऐकू येतं, आणि लेबलवर क्लिक केलं तरी कर्सर रकान्यात जातो. चूक झाली तर नुसती लाल चौकट नको, शब्दात लिहा काय चुकलं आणि ते त्या रकान्याला एरिया-डिस्क्राइब्डबायनं जोडा.

आता मोबाइल नंबरचं ते गूढ. मराठी कीबोर्डवरून माणूस ९८ असं देवनागरीत टाइप करतो, आणि तपासणीत जे रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुराचा नमुना जुळवणारा नियम) लिहिलेलं असतं त्यातला बॅकस्लॅश-डी जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक ओळखतो. टाइप नंबर असलेला रकाना तर बऱ्याचदा देवनागरी अंक घेतच नाही. माणसाच्या बाजूनं सगळं बरोबर, तरी साइट म्हणते चूक. रकान्याचा टाइप टेल, म्हणजे फोन नंबरचा, ठेवा आणि तपासण्याआधी शून्य ते नऊ देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्या, चारपाच ओळींचं काम आहे. हेच सर्व्हरवरही करा. मराठी साइटवर मराठी आकडे चालत नाहीत ही गोष्ट मला खरंच बघवत नाही.

इथं थांबा

एक तर 'एका ओळीचा कोड टाका, साइट ॲक्सेसिबल होईल' असं सांगून कोपऱ्यात व्हीलचेअरचं किंवा माणसाचं चिन्ह बसवणारे विजेट विकत घेऊ नका. त्यानं फोटोतली नोटीस वाचता येत नाही आणि कृतिदेवचं युनिकोड होत नाही. अशाच दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये एका विजेट कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावलेत.

दुसरं, खालच्या गोष्टी निघाल्या तर स्वतः हात घालू नका, माहीतगार माणूस बोलवा. पेमेंट, ओटीपी, कॅप्चा हे दुसऱ्या कंपनीच्या पानावर असेल तर ते तुम्ही बदलूच शकत नाही, त्यांना लेखी कळवा आणि तोपर्यंत फोनवरून किंवा ऑफिसात पर्याय द्या, तो पर्याय साइटवर ठळक लिहा. कॅलेंडरमधून तारीख निवडणं, टाइप करता करता यादी उघडणं, ड्रॅग करून क्रम लावणं, असली घरी बनवलेली यंत्रणा एरियाचा पक्का अनुभव असलेल्यानंच दुरुस्त करावी, अर्धवट एरिया हे एरिया नसण्यापेक्षा वाईट, कारण स्क्रीन रीडर मग खोटं सांगतो. जुन्या पीडीएफचा ढीग असेल तर सगळा एकदम उपसू नका, चालू वर्षाच्या नोटिसा आणि अर्ज तुम्ही करा, बाकीचं काम बाहेर द्या. आणि साइट सरकारी असेल तर जीआयजीडब्ल्यू (सरकारी साइटसाठीची मार्गदर्शक तत्त्वं) आणि एसटीक्यूसी या सरकारी तपासणी यंत्रणेचं सर्टिफिकेशन हा वेगळाच विषय आहे, तो या पोस्टवरून करायचा नाही.

कमिटी पैसे मंजूर करत नसेल तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं डिजिटल सेवा वापरता येणं हे कलम २१ च्या जगण्याच्या हक्कात धरलंय, हे अर्जात लिहा. नक्की काय बंधनकारक आहे हे मात्र वकिलाला विचारा.

माणूस बोलवताना दोन प्रश्न विचारा: मराठीत कुठल्या स्क्रीन रीडरवर तपासणार, आणि तपासणाऱ्यांत रोज स्क्रीन रीडर वापरणारं कोणी आहे का. दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर दुसरा माणूस शोधा. आणि ज्या सभासदानं तक्रार केली होती त्यांना शेवटची तपासणी करायला बोलवा, त्या वेळेचे पैसे द्या, मध्ये न बोलता शेजारी बसा आणि ते कुठं थांबतात तेवढं लिहून घ्या.